इक्सोऱ्यावर घिरट्या घालणारा पतंग, फोटो सगळे हललेले

मुलुंडकर:
सोसायटीच्या गेटजवळ इक्सोऱ्याची (गुच्छांनी फुलणारं झुडूप) रांग आहे, तिथे गेले चार दिवस संध्याकाळी पावणेसातला एक करडं काहीतरी येतं, फुलावर बसत नाही, हवेतच थांबून लांब सोंड घालतं आणि पापणी लवते तोवर पुढच्या गुच्छावर. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर काकांनी हमिंगबर्ड म्हणून जाहीर पण करून टाकलं. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ५५-२५० लेन्स. साठेक फोटो काढले, पंखांच्या जागी नुसता धूर. वॉचमन हसायला लागलाय आता.

रानवाट:
काकांना सांगा, हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडे असतात, आपल्याकडे नाहीत. हा हॉक मॉथ, म्हणजे पतंग जातीचा कीटक, त्यातला बहुतेक मॅक्रोग्लॉसम, मागच्या पंखावर पिवळा पट्टा दिसतो का बघा.
आणि त्याच्यामागे कॅमेरा फिरवू नका, मी दोन पावसाळे तेच करत बसलो होतो. एक ताजा गुच्छ निवडा, मॅन्युअल फोकस त्यावर लावून गप उभे राहा, तो फिरून फिरून तिथेच येतो. त्या उजेडात १/२००० सेकंदाचं शटर विसरा. फ्लॅश १/१६ पॉवरला, शटर १/२००, लेन्सचं छिद्र एफ ८. कमी पॉवरचा फ्लॅश इतका क्षणभरच पेटतो की पंख जागच्या जागी थिजतात. मागचं सगळं काळं येतं मात्र, म्हणून पाठीमागे जवळच पानं असतील असा गुच्छ घ्या.

तगरवाली:
फ्लॅश नसेल तर दुसऱ्या एका हॉक मॉथची अळी शोधा की, ती कुठे पळतेय! कण्हेर, तगर, सदाफुली, यांच्या खाली जमिनीवर मिऱ्यांएवढ्या लेंड्या दिसल्या की बरोब्बर वरच्या पानांत बघायचं. ओलिएंडर हॉक मॉथची अळी हिरवीगार, शेपटाला बुटकं शिंग, आणि डिवचली की डोकं आत ओढून दोन निळे डोळे वटारते. ते डोळे खोटे, पण मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातली कात्री टाकून मागे सरकले होते. अंगावर तपकिरी झाक आली की ती खाली उतरून पाचोळ्यात कोष करते, तेव्हा झाडाखाली झाडू नका. आमच्या माळ्याने नेमकी त्याच दिवशी फवारणी केली, अजून राग येतो.

रानवाट:
संध्याकाळी उडण्याआधी पतंग बसल्या जागी पंख थरथरवून अंग तापवतो, तेवढा वेळ मोबाइलनेपण मस्त फोटो येतो.

मुलुंडकर:
काल फ्लॅशने पाचात एक आला, सोंड अगदी फुलाच्या नळीत, पिवळा पट्टा पण आहे! तगरीखाली लेंड्यापण सापडल्या, अळी काही दिसेना, मान अवघडली नुसती.

तगरवाली:
पानाच्या खालून बघा हो, वरून नाही दिसणार.