क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये ॲक्टिव्हेट कशाला?

देवगडी हापूस:
बागेत रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) बसवलाय, तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवतो. स्क्रिप्ट पायथनची, चालते क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप. आमच्या ग्रूपचा नियम असा की प्रत्येक शेल स्क्रिप्टमध्ये (कमांड लिहिलेल्या फाइलीत) आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरता वेगळा पायथन आणि त्याची पॅकेजेस, ॲक्टिव्हेट करायचं. माझं म्हणणं, नियमच काढून टाका. ॲक्टिव्हेट करतं काय? पाथमध्ये (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचा त्या यादीत) सगळ्यात पुढे आपला बिन फोल्डर लावतं, दोन-तीन व्हेरिएबल इकडेतिकडे करतं आणि प्रॉम्प्ट, म्हणजे टर्मिनलात कमांडच्या आधी दिसणारी खूण, बदलतं. रात्री दोनला तो प्रॉम्प्ट वाचणार कोण, माडावरची वटवाघळं? सरळ बिनमधला पायथन त्याचा पूर्ण पत्ता (फाइलचा पाथ) देऊन चालवा, आपली पॅकेजेस कुठे आहेत ते तो स्वतः शोधतो.

खाडीपलीकडचा:
अर्धंच सांगितलंस. स्क्रिप्टने आतून नुसतं 'पायथन' म्हणून दुसरी प्रोसेस काढली की ती पाथमध्ये बघते, तिथे सिस्टिमचा पायथन सापडतो आणि मग मॉड्यूल नॉट फाउंड. ॲक्टिव्हेट केलं असतं तर हे झालंच नसतं.

देवगडी हापूस:
आतून बोलवताना सिस.एक्झिक्युटेबल वापर की, त्यात आत्ता चालू असलेल्या पायथनचाच पत्ता असतो!

खाडीपलीकडचा:
माझ्या कोडात वापरेन रे, दुसऱ्याने लिहिलेल्या टूलमध्ये कुठे घुसू?

मालवणी मासो:
मधेच विचारतंय, रागावू नका. क्रॉनमध्ये 'सोर्स नॉट फाउंड' येता, टर्मिनलात ॲक्टिव्हेटची तीच ओळ बरी चलता. ह्यां काय?

खाडीपलीकडचा:
क्रॉन कमांड चालवायला एसएच हा शेल वापरतो, आणि डेबियनवर (रास्पबेरी पायची सिस्टिम त्यावरच बेतलेली) एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल, त्याला 'सोर्स' कळत नाही. त्याजागी टिंब, मग स्पेस, मग ॲक्टिव्हेटचा पूर्ण पाथ. फाइल नुसती रन करू नकोस हां, ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालून संपते, तुझ्या शेलला पत्ताही लागत नाही.

देवगडी हापूस:
बघा, टिंब की सोर्स, फिश शेलला वेगळी फाइल, सीशेलला आणखी वेगळी, आणि जुन्या ॲक्टिव्हेटवर सेट -यू (किंमत न दिलेलं व्हेरिएबल आलं की थांब) लावलं तर पीएस१, म्हणजे प्रॉम्प्टचं व्हेरिएबल, अनबाउंड म्हणून स्क्रिप्ट तिथेच आडवी. एवढी कटकट एका पाथसाठी? तुला पाथ हवाच तर स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट कर, एका ओळीचं काम.

खाडीपलीकडचा:
म्हणजे ॲक्टिव्हेट हातानेच लिहायचं! ती ओळ मला चालेल, पण मग नुसता पूर्ण पत्ता देऊन पायथन चालवला की झालं, हे तुझं पहिलं म्हणणं मागे घे. टर्मिनलात हाताने काम करताना मात्र मी ॲक्टिव्हेटच करणार, तिथे प्रॉम्प्ट मला दिसायला हवा.

देवगडी हापूस:
टर्मिनलात खुशाल कर, मी क्रॉनबद्दल बोलतोय.

मालवणी मासो:
टिंबान चालला!