घडवणारा माणूस चांगला की वाईट, हेच ठरत नाही अशी कादंबरी सुचवा

महालकर: नमस्कार मंडळी. वयात येणाऱ्या पोराची नाहीतर पोरीची कादंबरी पाहिजे, पण तिला शिकवणारा माणूस देवमाणूस नको अन् शेवटी व्हिलन निघणारा पण नको. कारण सांगतो. अकरावीत एका सरांकडे जायचो, शिकवणी नव्हती, नुसतं वाचायला अन् लिहायला. लाल पेनानं वाक्य खोडायचे, म्हणायचे हे तुझं नाही, परत लिही. दोन वर्षांनी नागपूरला बर्डीवर दिवाळी अंक चाळत होतो तर माझाच लेख, सरांच्या नावानं. पहिलं वाक्य तेच, तीनदा खोडून लिहायला लावलेलं. राग आहेच, पण आजही लिहायला बसलो की त्यांचाच आवाज ऐकू येते, त्याचं काय करू ते समजत नाही.

धरमपेठची वाचक: दादा, स्टीव्हन्सनची ट्रेझर आयलंड (1883) लहान मुलांची म्हणून सोडू नका. त्यातला पोरगा जिम जहाजावर सफरचंदाच्या पिंपात लपलेला असतो आणि बाहेर त्याचा लाडका स्वयंपाकी सिल्व्हर, जो खरा समुद्री चाचा, दुसऱ्या एका तरुण खलाशाला गोंजारत असतो, अगदी त्याच शब्दांत ज्या शब्दांत त्यानं जिमचं कौतुक केलेलं असतं. मला तिथं पोटात कालवलं होतं. आणि तरी शेवटी सिल्व्हर पैशाची एक थैली घेऊन निसटतो तेव्हा आपल्याला वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

उमरेड रोड: भाऊ तुमच्यासाठी हेसेची डेमियान. 1919 मध्ये ती हेसेच्या नावानं आलीच नव्हती, गोष्ट सांगणाऱ्या सिंक्लेअरच्याच नावानं छापली, म्हणजे तुमच्या उलट, मोठ्या माणसानं स्वतःचं नाव मागं ठेवलं. सिंक्लेअरच्या मित्राबद्दल, डेमियानबद्दल, लोक बोलतात पण मला त्यातला पिस्टोरियस जास्त लागतो, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. तो पोराला खूप देतो, अन् एक दिवस पोरगा सहज बोलून जातो की तुमचं हे सगळं जुनंपुराणं आहे. पिस्टोरियस भांडत नाही, गप्प बसून मान्य करतो, अन् सिंक्लेअरला तेच सहन होत नाही. ते पान मी दोनदा वाचलं.

महालकर: मराठीत काही?

धरमपेठची वाचक: मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' कादंबरीतला नरूमामा आहे, पण तो मोकळा माणूस, तुम्हाला पाहिजे तो काळोख त्याच्यात नाही. बाई चालत असेल तर म्युरिएल स्पार्कची मिस जीन ब्रोडी (1961). मुलींना इतिहासाच्या तासाला चित्रकला आणि स्वतःचं प्रेमप्रकरण सांगते, जीव लावते, आणि मुसोलिनीचं कौतुकही करते. तिच्याच नादानं एक मुलगी यादवी युद्ध पेटलेल्या स्पेनला निघते आणि मरते. बाईंना शाळेतून घालवते ती पण तिच्या सगळ्यात विश्वासातलीच मुलगी. मला त्या मुलीचा राग येत नाही अन् बाईंचा पण पूर्ण येत नाही.

महालकर: पिस्टोरियसपासून सुरू करतो. मी सरांना कधी काही बोललोच नाही, ते आता नाहीत. उमरेड रोड भाऊ, तुमची कॉपी मिळेल का, रविवारी येऊन घेऊन जाईन, पंधरा दिवसांत परत.

उमरेड रोड: या ना. पेन्सिलच्या खुणा आहेत, चालवून घ्या.