लहानपण रोजच्या फोटोंत: तुमचे अनुभव लिहा

घरात मूल असलं की फोटोंना तोटा नसतो. बारसं, वाढदिवस, गणपती, शाळेचं गॅदरिंग, सगळं टिपलं जातं. पण केक कापताना सगळीच मुलं सारखी दिसतात. वरणभातातला भात कडेला सारून आधी लिंबाची फोड चोखणारं मूल मात्र तुमचंच असतं. मला अशा फोटोंचे अनुभव हवे आहेत. साधे, घरातले, गॅलरीतले, जिन्यातले.

माझं मत आधीच सांगते. फोटो काढण्याआधी पसारा आवरू नये. दोरीवरचे कपडे, उघडं कपाट, कोपऱ्यातली पाण्याची बादली हे सगळं मुलाच्या लहानपणाचाच भाग आहे. मूल मोठं होतं आणि मुंबईत घरही बदलतं. दोन्ही परत मिळत नाहीत.

वरळीहून

तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. आम्ही बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली आणि बाहेर लांबलचक पॅसेज. लेक त्या पॅसेजमध्येच वाढली. खोलीत उजेड बेताचा, त्यामुळे फोटोत ती कायम हललेली यायची. उजेड कमी असला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढा वेळ पोर काही स्थिर राहत नाही. फ्लॅश मारला की तोंड पांढरंफटक आणि मागची खोली काळीकुट्ट. म्हणून मी फ्लॅश बंदच करून टाकला आणि ती आपणहून दाराशी येईपर्यंत वाट बघायला लागले.

दाराशी ती यायचीच, कारण शेजारच्या काकू तिथे वाल सोलायला बसायच्या. त्यातला एक फोटो माझा जीव की प्राण आहे. मांडीवर ताट, मुठीत डाळिंब्या, गालाला वालाचं साल चिकटलेलं. मागे स्टीलचं पिंप, मोरीचा पडदा, खुंटीला गणवेश. तिचं तोंड अर्धंच दिसतंय, कारण काकूंच्या बांगड्या मध्ये आल्यात. चाळीचा पुनर्विकास झाला, आता ५०० चौरस फुटांचं घर आहे. सुख आहे, खोटं कशाला बोलू. पण लेक तो फोटो उघडते तेव्हा स्वतःकडे बघतही नाही. पिंपाकडे बोट दाखवते, पडद्यावरची फुलं मोजते, काकूंच्या बांगड्यांचा रंग सांगते. तो पडदा मी तेव्हा फोटोतून कापून टाकला असता तर तिला आज काय दाखवलं असतं?

विलेपार्ल्याहून, आजी

आमच्याकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये १२ फोटो. त्यामुळे आमचे हे फार जपून बटण दाबायचे. राणीची बाग, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, मुंज, संपला रोल. रोजच्या जगण्यावर फोटो खर्च करायची कुणाची छाती नव्हती. तरी रोल धुवायला द्यायची घाई असली की उरलेले एकदोन फोटो घरातच उडवायचे. धाकटा नळाखाली उकिडवा बसून पाटी धुतोय, तो फोटो असाच उरलेल्या रोलमधला. आज नातवंडं तोच मागतात.

एक काळजीचं सांगते. चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले अल्बम कुणाकडे असतील तर फोटो त्यातून काढा. तो गोंद फोटो पिवळे पाडतो. ओढू नका, फाटतील. फोटोच्या मागून बारीक दोरा हळूहळू सरकवत न्या, सुटतात. आणि मुंबईची हवा दमट, पावसाळ्यात बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

परळहून

मी लग्नाचे फोटो काढतो, तो माझा धंदा. घरच्या फोटोंसाठी दोन गोष्टी मनापासून सांगेन. पहिली म्हणजे फरशीवर बसा, नाहीतर पालथे झोपा. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलाचा भांग दिसतो, डोळे दिसत नाहीत. मुलाच्या उंचीवरून बघितलं की खाटेखालचा चेंडूसुद्धा महत्त्वाचा होतो. दुसरी म्हणजे "इकडे बघ, हस" म्हणू नका. तसं म्हटलं की पोरगं खेळ सोडतं आणि तुम्हाला हवं असतं तेच निघून जातं.

शिवाजी पार्कात पळणारी मुलं टिपायची असतील तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. ऊन कलल्यावर जा. जुलैतल्या ढगाळ दुपारीही सोडू नका. आभाळ सगळीकडून सारखा उजेड देतं, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत. पावसामुळे घरात कोंडलेली मुलं खिडकीच्या गजांना धरून उभी असतात, त्यांचे फोटो मला सगळ्यात आवडतात.

दादरहून

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली होती. ते वाचलं आणि आम्ही मुलाला एकाच जागी टिपायला लागलो. स्वयंपाकघराच्या चौकटीत, जिथे पेन्सिलीने त्याची उंची लिहितो तिथे. वाढदिवसाला नाही, मनात येईल तेव्हा. कधी तो रुसलेला असतो, कधी एका पायात मोजा असतो. मागे फ्रिजवरची वेळापत्रकं बदलत जातात, गुडघ्यावरच्या खपल्या बदलतात.

मुलुंडहून, दहावीतली मुलगी

मोठ्यांनो, जरा माझंही ऐका. आईने काढलेले माझे फोटो मला आवडतात. पण आंघोळीचे, रडतानाचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेले की मला खरंच त्रास होतो. ते कुठून कुठे जातील याचा नेम नाही. घरात ठेवा, बाहेर टाकण्याआधी विचारा. पाचसहा वर्षांच्या मुलालाही विचारता येतं. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला आणि सोसायटीची पाटी दिसणारे फोटो तर टाकूच नका. शेजारच्या मुलांचेही त्यांच्या आईबाबांना न विचारता टाकू नका.

कांदिवलीहून

ताई, तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमच्या ग्रुपवर आता तो नियमच करतो.

मला वेगळंच खुपतं. आमच्या घरच्या फोटोंत बायको जवळजवळ नाहीच, कारण फोन तिच्या हातात. मुलांची वेणी घालणारे, डबा भरणारे, वही तपासणारे हात फोटोत यायला नकोत का? आता सकाळी डब्याच्या घाईत फोन मी उचलतो. ओट्यावर पोळ्यांचा ढीग, ती एका हाताने तवा उतरवतेय आणि लेक तिच्या पदराला हात पुसतोय. "अहो, अवतार बघा माझा" म्हणून ती ओरडते, पण काढू देते.

आणि हे फोटो गावी पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखे पाठवले की आकार लहान होतो आणि छापल्यावर बारकावे जातात. आम्ही निवडक फोटो छापून आईला पाठवतो. ती मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, साल आणि खोली कुठली ते लिहून ठेवते.