रूट बिअरसाठी कोणतं सार्सापरिला? मदत हवी आहे

पायवाट: रूट बिअर, म्हणजे मुळांचं बिनदारूचं फेसाळ पेय, सार्सापरिलाची मुळं उकळून दोनदा केली, दोन्ही वेळा फसली. पहिल्या मुळाचा फेस भरपूर, चव कडसर, वास जवळजवळ नाहीच. दुसऱ्याला वास सुरेख होता, तोही उकळल्यावर गेला. शनिवारी लेकाचा वाढदिवस, वीस मुलं येणार. कोणतं घेऊ? लवकर सांगा.

जायफळ: अहो, मुळं कोणती ते तर लिहा! राहता कुठे? किती उकळलंत?

पायवाट: न्यू जर्सी. पहिलं मेक्सिकोचं पाकीट, दुसरं आईने पाठवलेलं अनंतमूळ. दोन्ही अर्धा तास खळखळून.

सह्यकडा: नाव एक, पण झाडं दोन. मेक्सिकोचं किंवा जमैकाचं सार्सापरिला म्हणजे स्मायलॅक्स, आपल्या घोटवेलीचं भावंड. त्यात सॅपोनिन हे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य असतं, म्हणून फेस. सुगंध बेताचाच. अनंतमूळ म्हणजे उपळसरी, रुईच्या कुळातली. तिचा व्हॅनिलासारखा वास सालीत असतो. मूळ ठेचा, मधला काडीसारखा दांडा फेकून द्या, साल गरम पाण्यात रात्रभर झाकून ठेवा. उकळू नका.

जायफळ: उकळू नका कसं? आमची आजी उन्हाळी लागली की उपळसरीचा काढाच द्यायची. आटवून पाव करायची.

सह्यकडा: तो औषधाचा काढा. इथे वास टिकवायचाय.

उंबरठा: तुम्ही दोघंही मूळ मुद्दा सोडताय. जुन्या रूट बिअरचा वास सॅसाफ्रास नावाच्या अमेरिकी झाडाच्या मुळाचा. त्यातलं सॅफ्रोल हे वासाचं द्रव्य खाण्यापिण्यात घालायला अमेरिकेत १९६० साली बंदी आली. विंटरग्रीन या सुवासिक पानांच्या झुडपाचा खाण्याचा अर्क थेंबभर घाला, नाहीतर मुलं म्हणतील हे सरबत आहे.

तांबडीमाती: मागडी बेरू नावाची मुळी मिळाली तर बघा. कर्नाटकात तिचं लोणचं घालतात. बोटाएवढी जाड, रसाळ, वास उपळसरीचाच पण उग्र. बंगळूरहून कुणी येणार आहे का?

पायवाट: शनिवारपर्यंत कोण येणार!

कोकमकढी: काचेच्या बाटल्या वापरू नका. यीस्टने दाब वाढला की फुटतात. प्लास्टिकची बाटली दाबून बघता येते.

पायवाट: यीस्ट घालतच नाहीये, आयत्या वेळी सोडा ओतणार.

पायवाट: रात्री साल भिजवली होती. आत्ता झाकण काढलं आणि अख्ख्या स्वयंपाकघरात वास! पाणी विटकरी झालंय. पण साल मूठभरच निघाली, पाणी दोनच पेले. वीस जणांना पुरेल का?

सह्यकडा: त्याच पाण्यात दुप्पट साखर मंद आचेवर विरघळवा, उकळी येऊ देऊ नका. गार झाल्यावर लिंबू पिळा. पेल्यात दोन चमचे पाक, वर गार सोडा. वीस जणांना पुरून उरेल.

उंबरठा: आणि विंटरग्रीन?