जावा जेनेरिक्स: वाइल्डकार्ड कुठे हवं, कुठे नको?

धागाकर्ता
जावा ५ (२००४) पासून जेनेरिक्स (लिस्टसारख्या गोष्टींना आतला टाइप ठरवून देण्याची सोय) आणि त्यातलं वाइल्डकार्ड, म्हणजे नेमक्या टाइपऐवजी लिहायचं प्रश्नचिन्ह, आहे, पण रोजच्या अ‍ॅप्लिकेशन कोडमध्ये ते टाळावं असं माझं ठाम मत आहे. एकदा शिरलं की पसरतं. मेथडने लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर> (नंबर किंवा त्याच्या कुठल्यातरी सबटाइपची लिस्ट) परत केली, की घेणाऱ्याला तिच्यात नलशिवाय काहीच अ‍ॅड करता येत नाही. लिस्ट<नंबर> मागणाऱ्या मेथडला ती देताही येत नाही. मग तोही आपल्या सिग्नेचरमध्ये प्रश्नचिन्ह टाकतो. साधा टी, म्हणजे टाइपला दिलेलं नाव, वापरा.

प्रतिसाद १
परतीच्या टाइपबद्दल पूर्ण सहमत. पॅरामीटरबद्दल अजिबात नाही. बेरीज(लिस्ट<नंबर>) लिहिलंत तर लिस्ट<इंटिजर> चालणार नाही, आणि ते योग्यच आहे: चालली असती तर आत कुणीही ३.१४ घुसवलं असतं. अ‍ॅरेला ही सूट आहे, म्हणून तिथे रनटाइमला अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन येतं. ज्यातून फक्त वाचायचं तिथे एक्स्टेंड्स, ज्यात फक्त भरायचं तिथे सुपर (तो टाइप किंवा त्याच्या वरचा), दोन्ही करायचं असेल तर नुसता टी. कलेक्शन्स.कॉपीची सिग्नेचर उघडून बघा, दोन्ही शेजारी शेजारी दिसतील.

धागाकर्ता
बेरजेला <टी एक्स्टेंड्स नंबर> आणि लिस्ट<टी> पुरतं की! शिवाय टाइपला नाव मिळतं, "कॅप्चर#१ ऑफ ?" (कंपाइलरने प्रश्नचिन्हाला दिलेलं तात्पुरतं नाव) असली एरर उलगडत बसावं लागत नाही.

प्रतिसाद २
एक्स्टेंड्सपुरतं ठीक. पण <टी सुपर इंटिजर> असं जावात लिहिताच येत नाही. खालचा बाउंड (टाइपवरची खालची मर्यादा, म्हणजे सुपर) फक्त वाइल्डकार्डलाच मिळतो.

आता तुमच्या पद्धतीने मॅक्स लिहू: <टी एक्स्टेंड्स कम्पॅरेबल<टी>> टी मॅक्स(लिस्ट<टी>), म्हणजे टीची टीशीच तुलना करता यायला हवी. त्याला जावा.एसक्यूएलमधल्या टाइमस्टॅम्पची लिस्ट द्या. कंपाइल होणार नाही. टाइमस्टॅम्प हा जावा.युटिलच्या डेटचा सबक्लास, आणि त्याच्याकडे वारशाने येतं ते कम्पॅरेबल<डेट>. टाइमस्टॅम्प घेणारी कम्पेअरटू त्यात वेगळी आहे, पण ती नुसती ओव्हरलोड, म्हणजे त्याच नावाची दुसरी मेथड. तिने कम्पॅरेबल<टाइमस्टॅम्प> होत नाही. पॅरामीटर लिस्ट<? एक्स्टेंड्स टी> केला तर कंपाइल होतं, पण टी म्हणून डेट ठरतो आणि हातात डेटच येतो, म्हणजे पुढे कास्ट (टाइप हाताने बदलून घेणं) आलं. बाउंड कम्पॅरेबल<? सुपर टी> केला की टाइमस्टॅम्प जसाच्या तसा परत मिळतो. हा अ‍ॅप्लिकेशन कोडच आहे, डेटाबेसमधून तारखा वाचणारा.

प्रतिसाद ३
धागाकर्त्यांचा त्रास खरा आहे, विशेषतः एकात एक टाइप आले की. मॅप<स्ट्रिंग, लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर>> मागणाऱ्या मेथडला मॅप<स्ट्रिंग, लिस्ट<इंटिजर>> चालत नाही. आतलं प्रश्नचिन्ह बाहेरच्या पातळीला लागू होत नाही, मॅप<स्ट्रिंग,? एक्स्टेंड्स लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर>> असं दोनदा लिहावं लागतं. कोटलिन भाषेत लिस्टच्या व्याख्येतच आउट (आपल्या एक्स्टेंड्ससारखं) आहे, त्यामुळे वापरणाऱ्याच्या डोक्याला हा ताप नाही. जावाने हे ओझं प्रत्येक सिग्नेचरवर टाकलं, ही भाषेची चूक मानतो मी.

धागाकर्ता
टाइमस्टॅम्पचा मुद्दा मान्य. सुपरला पर्याय नाही. पण स्वॅप(लिस्ट<?>, आय, जे) सारख्या मेथडला <ई> च द्यावा. नाहीतर आत सेट(आय, गेट(जे)) कंपाइल होत नाही आणि केवळ कॅप्चरसाठी (प्रश्नचिन्हामागच्या टाइपला नाव द्यायला) वेगळी प्रायव्हेट मेथड लिहावी लागते. जेडीकेच्या (जावासोबत येणाऱ्या लायब्ररीच्या) कलेक्शन्स.स्वॅपमध्येही ती टाळायला आत बिनटाइपची लिस्ट वापरली आहे.

प्रतिसाद १
आतली गैरसोय आतच राहू दे. बोलावणाऱ्याला ई शी काही देणंघेणं नाही, मग त्याला तो दाखवायचा कशाला?