मदत हवी आहे: गोल्ड कार्ड आहे, माइल्स आहेत, तरी सीट अपग्रेड होत नाही

घाईतला_गडी
नमस्कार मंडळी, वेळ कमी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तीन वर्षं गोल्ड कार्ड आहे. सव्वा लाखाच्या आसपास माइल्स (विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट) नुसते पडून आहेत. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को तिकीट आहे, गुरुवारी रात्री विमान. सीटचा नकाशा उघडला की बिझनेसमध्ये १४ जागा मोकळ्या दिसतायत. तरी ॲपमध्ये अपग्रेड दाबलं की 'या तिकिटावर उपलब्ध नाही' एवढंच येतं. कस्टमर केअरला पाऊण तास तीच ती धून ऐकली आणि फोन कट. कोणी केलंय का हे? नेमकं कुठे दाबायचं? 'गुगल करा' सांगू नका, करून झालंय.

खिडकीवाली
एअरलाइन कोणती? आणि गोल्ड कार्ड एअरलाइनचं की बँकेचं?

एडिसनकर
काही दाबावं लागत नाही हो, आपोआप होतं. मी दर सोमवारी नेवार्कहून शिकागोला जातो. युनायटेडमध्ये प्लॅटिनमवाल्यांचं अपग्रेड ७२ तास आधीपासून व्हायला लागतं, गोल्डचं ४८ तास आधीपासून. तुमचं विमान गुरुवारी ना? मग बुधवारपर्यंत गप्प बसा. मला तर दहात सहा वेळा पुढची सीट मिळते.

हिशेबनीस
एडिसनकर, ते अमेरिकेतल्या अमेरिकेत. समुद्र ओलांडला की ते फुकटचं अपग्रेड संपलं. तिथे माइल्स, व्हाउचर किंवा रोकडा. उगाच बुधवारपर्यंत बसवून ठेवू नका त्यांना.

घाईतला, चार गोष्टी सांगा, त्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.
एअरलाइन. तिकीट कुठून काढलं. तिकिटावर क्लासपुढे कुठलं अक्षर आहे. थेट विमान आहे की मध्ये कुठे बदलायचंय.

बंडूनाना
मी सांगतो अनुभवाचं. काउंटरवर लवकर जायचं, इस्त्रीचा शर्ट, कोट असेल तर उत्तम. बाईंना हसून 'आज गर्दी फार दिसतेय' म्हणायचं. १९९६ साली मस्कतहून येताना मला असंच पुढे बसवलं होतं. चांदीचे काटेचमचे होते.

खिडकीवाली
नाना, १९९६ साली. आता त्या बाईंच्या हातात काही नसतं, यादी संगणक लावतो.

घाईतला_गडी
कार्ड एअरलाइनचंच आहे, स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातली. नाव लिहीत नाही, आमच्या ऑफिसचा त्यांच्याशी करार आहे, उगाच नको. तिकीट एका वेबसाइटवरून काढलं, स्वस्त पडलं म्हणून. फ्रँकफर्टला विमान बदलायचंय. अक्षर कुठे बघू?

हिशेबनीस
ई-तिकिटावर विमान क्रमांकाच्या आसपास 'क्लास' असं असेल, त्याच्यापुढे एकच अक्षर. नाही सापडलं तर फेअर बेसिस नावाचा एक लांबलचक कोड असतो, त्याचं पहिलं अक्षर बहुतेक वेळा तेच.

घाईतला_गडी
के.

हिशेबनीस
मग इथेच अडलंय. इकॉनॉमी म्हणजे एकच वर्ग असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या पोटात दहाबारा वर्ग असतात, प्रत्येकाला एक अक्षर. वाय म्हणजे पूर्ण भाडं. तिथून बी, एम असं उतरत उतरत तळाला के, एल, टी वगैरे. क्रम कंपनीगणिक बदलतो. सीट तीच, जेवण तेच, पण अपग्रेड लागू होतं की नाही ते या अक्षरावर ठरतं. अगदी तळाच्या भाड्याला कित्येक कंपन्या माइल्स लावूच देत नाहीत. वेबसाइटवर स्वस्त पडलं ते याचसाठी.

आणि त्या १४ जागांवर जीव टाकू नका. मोकळी दिसणारी सीट म्हणजे न विकलेली सीट नव्हे, कित्येक लोक सीट निवडतच नाहीत. शिवाय खरंच रिकाम्या असल्या तरी त्यातल्या अपग्रेडसाठी किती सोडायच्या ते कंपनी वेगळं ठरवते. शेवटच्या दिवशी कोणी रोख पैसे देऊन घेईल म्हणून दाबून ठेवतात.

मुलुंडची_मीरा
बोली लावा ना! ईमेल येते, एक काटा असतो लाल ते हिरवा, आपण रक्कम सरकवायची. मी खालच्या रकमेच्या थोडं वर लावते. लागलं तर लागलं, नाही तर पैसे कापतच नाहीत.

हिशेबनीस
मीराताई, बोली प्रत्येक माणसामागे आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी असते, हेही सांगा. आणि ईमेल आलीच नसेल तर? बाहेरच्या वेबसाइटच्या तिकिटाला कित्येकदा येतच नाही.

मुलुंडची_मीरा
मला आली होती. तुम्हाला सगळ्यातच खोट काढायची असते.

एडिसनकर
पण गोल्ड आहेत ते! गोल्डला काहीतरी असेलच की.

हिशेबनीस
स्टार अलायन्स गोल्डला लाउंज आहे, जादा सामान आहे, आधी चढता येतं, बॅग आधी येते. अपग्रेड त्या यादीत नाही. ते देते ती ज्या कंपनीचं कार्ड तीच, तिच्या विमानात, तिच्या अटींवर. दुसऱ्या सदस्य कंपनीच्या विमानात माइल्सने अपग्रेड करायचं तर तिकीट बहुधा वाय, बी असं वरच्या भाड्याचं लागतं. घाईतला, फ्रँकफर्टनंतरचं विमान कोणाचं आहे?

जुना_जिप्सी
जाता जाता, हे सगळं खूळ १ मे १९८१ ला सुरू झालं. अमेरिकन एअरलाइन्सने त्या दिवशी माइल्सची योजना आणली, आठवड्याच्या आत युनायटेडने. नेमका महाराष्ट्र दिन!

कायद्याचं_बोला
लक्षात ठेवा, बिझनेसचं तिकीट असताना इकॉनॉमीत बसवलं तर डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाने पैसे परत मिळतात. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. देशांतर्गत तिकिटाचे ७५ टक्के. परदेशी प्रवासात १५०० किमीपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५०, त्यापुढे ७५ टक्के, करांसकट.

खिडकीवाली
त्यांना पुढे जायचंय हो, मागे नाही.

कायद्याचं_बोला
माहिती असलेली बरी.

घाईतला_गडी
नंतरच्या विमानाखाली बारीक अक्षरात दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी एक युक्ती केली, आईच्या तिकिटात माझा मेंबर नंबर टाकून पाहिला, पण नाव जुळत नाही म्हणतोय. हे कसं बदलायचं?

खिडकीवाली
थांबा. आईच्या तिकिटात??

हिशेबनीस
प्रवास कोण करतंय?

घाईतला_गडी
आई. मी कुठे म्हटलं मी जातोय? 'तिकीट आहे' असं लिहिलंय. बहिणीचं बाळंतपण आहे, मला रजा नाही. आई ७१ वर्षांची, गुडघे गेलेत, एवढे तास पाय दुमडून बसवत नाही. म्हणून तर एवढा आटापिटा करतोय.

एडिसनकर
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!! आम्ही इथे रात्री दीड वाजता डोकं फोडतोय.

हिशेबनीस
ठीक आहे. मग गोल्ड विसरा. स्टेटस माणसाला चिकटलेलं असतं, घराण्याला नाही. काही कंपन्या सोबत्यालाही अपग्रेड देतात, पण तुम्ही स्वतः त्याच विमानात, त्याच बुकिंगवर असाल तर. नंबर बदलायच्या फंदात पडू नका, तो प्रवाशाच्याच नावाचा लागतो. इकॉनॉमी जास्त विकली गेली म्हणून काहींना पुढे सरकवतात, त्यातही आधी कार्डवाले, मग महाग तिकीटवाले. आईंचा नंबर तिथे लागेल असं धरून चालू नका.

माइल्स मात्र बहुतेक योजनांमध्ये दुसऱ्यासाठी वापरता येतात. पण के अक्षर आणि दुसऱ्या कंपनीचं विमान, दोन्ही आडवे आलेत. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे बघा. ०९८ एअर इंडिया, ०१६ युनायटेड, २२० लुफ्तान्झा. ज्याचे आकडे त्याच कंपनीकडे तिकिटाचा ताबा. त्यांना विचारा की फक्त फ्रँकफर्ट ते सॅन फ्रान्सिस्को प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) केली तर फरक किती. तो टप्पा अकरा तासांच्या वर आहे, मुंबई-फ्रँकफर्ट नऊच्या आसपास. कदाचित ते म्हणतील वेबसाइटवाल्यालाच विचारा. मग तिथे भांडा.

सुमेधा_ठाणे
मी माझ्या सासूबाईंना दोनदा पाठवलंय. अपग्रेडच्या आधी व्हीलचेअर सांगा, ४८ तास आधी, म्हणजे आजच. पैसे लागत नाहीत. मागताना नीट सांगा की जिना चढता येत नाही. त्यांचे कोड असतात, डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चालतो, डब्ल्यूसीएचएस म्हणजे चालत नाही. आमचं पहिल्या वेळी चुकीचं पडलं, आणि विमानापर्यंत बसने नेलं तेव्हा सासूबाई विमानाच्या शिडीच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून उभ्या. मागे अख्खं विमान खोळंबलेलं.

आणि सीट. सगळे सांगतात भिंतीमागची पहिली रांग घ्या. पाय पसरतात खरे, पण हात ठेवायचे दांडे बहुतेक वर होत नाहीत, टेबल त्यातच असतं. पर्स पायाशी ठेवू देत नाहीत. उड्डाणाआधी ती वर जाते, गोळ्या त्यातच! त्यापेक्षा कडेची सीट, स्वच्छतागृहापासून तीनचार रांगांवर. इमर्जन्सी दारापाशी त्यांना बसवणार नाहीत, त्याचे पैसे भरू नका.

बंडूनाना
सुमेधाताईंना +१. पण आईंना काठपदराची साडी नेसवा. बोलून बघायला काय जातं?

निळी_छत्री
बाळंतपणाला चालल्यात म्हणजे डिंकाचे लाडू असणारच. हातातल्या सामानात ठेवा, बॅग हरवली तर बॅगेसोबत लाडूही जातात.

जुना_जिप्सी
लाडू चालतील, पण तुपाची बरणी हातात नको. १०० मिलीच्या वर काही जाऊ देत नाहीत. आमचं अर्धा किलो श्रीखंड सिक्युरिटीच्या टेबलावर राहिलं. मेव्हणा म्हणाला इथेच खाऊ, आणि चमचा नव्हता.

एडिसनकर
इथे उतरल्यावर फॉर्मवर किंवा तोंडी, खाण्याचं आहे म्हणून सांगायचं. लपवलं तर दंड. सांगितलं तर फार तर काढून घेतात.

निळी_छत्री
अळीव घेतात का काढून?

हिशेबनीस
धागा अपग्रेडचा आहे.

घाईतला_गडी
उत्तरं द्यायला उशीर झाला. व्हीलचेअर झाली, जिना नाही असं तीनदा सांगितलं. अपग्रेड नाही. पहिल्या कंपनीने वेबसाइटकडे पाठवलं, वेबसाइटने पुन्हा कंपनीकडे. शेवटी एका बाईंनी फ्रँकफर्टपुढच्या प्रीमियम इकॉनॉमीचा फरक काढून दिला. आकडा आईला सांगायला नको होता. ती म्हणाली, तेवढ्यात तुझ्या भाच्याचं बारसं होईल, मी उठत-बसत जाईन. मग कडेची सीट घेतली, मागून पाचवी रांग.

सुमेधा_ठाणे
पायात सैल चपला द्या, पाय सुजतात. पोचल्या की कळवा.

घाईतला_गडी
आई पोचली. मधली सीट रिकामी होती, पाय आडवे टाकून झोपली म्हणे. लाडू पोचले, अळीवही. फ्रँकफर्टला ढकलणारा मुलगा नागपूरचा निघाला, त्याला तिने चार लाडू दिले. सगळ्यांचे आभार. हिशेबनीस, पुढच्या वेळी तिकीट काढायच्या आधी तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतो.

हिशेबनीस
करा. आणि कोण चाललंय ते पहिल्या ओळीत लिहा.

नवा_पाहुणा
चांगला धागा. सगळा वाचला नाही. माझ्याकडे बँकेचं गोल्ड कार्ड आहे, डिसेंबरमध्ये दुबईला चाललोय. अपग्रेड मिळेल का? कुठे दाबायचं?