पिंपाच्या तोटीला सिलिकॉन हवे की वॉशर?

कारागीर (मूळ लेखन): प्लॅस्टिकच्या पिंपाला तोटी बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. तळाजवळ छिद्र पाडावे, पितळी तोटीच्या आट्यांना भरपूर सिलिकॉन फासावे, आतून नट आवळावा आणि रात्रभर सुकू द्यावे. टँक कनेक्टर (टाकीच्या भिंतीतून नळी बाहेर काढणारा जोडतुकडा), खास वॉशर वगैरे लाड निव्वळ दुकानदारांचे पोट भरण्यासाठी आहेत.

आटेपाटे: हा सल्ला वाचून कोणी आपले पिंप वाया घालवू नये, म्हणून सविस्तर लिहितो. साठवणीची निळी-पांढरी पिंपे बहुतेक एचडीपीई या टणक पॉलिथिनची असतात आणि या प्लॅस्टिकला सिलिकॉनच काय, नेहमीचा कोणताही गोंद धड धरत नाही; सुकलेला थर नखाने सोलून निघतो. गळती थांबते ती चिकटण्याने नव्हे, तर कॉलर (आट्यांच्या मुळाशी असलेली रुंद कड) आणि पिंपाची भिंत यांच्यामध्ये मऊ वॉशर दाबला जाण्याने. त्यासाठी छिद्र गोल आणि त्याची कड गुळगुळीत हवी, म्हणून साध्या बिटाने कोरत न बसता होल सॉ (गोल छिद्र कापणारी दातेरी वाटी) वापरावा, तोही कमी वेगाने, कारण वेग वाढला की प्लॅस्टिक वितळून दात भरतात. अर्धा इंची तोटीला अर्ध्या इंचाचे छिद्र पाडणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिमी असतो. वॉशर नेहमी आतून, म्हणजे द्रवाच्या बाजूने बसवावा.

कारागीर: एक मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब जेमतेम 0.1 बार असतो. एवढ्याशा दाबासाठी आपण धरण बांधायला निघाला आहात! माझी सिलिकॉनची तोटी अजून एक थेंबही गळलेली नाही.

निवांत: आमच्या मेव्हण्यांचीही गळत नव्हती. मग भरलेली बादली उचलताना तिची कड तोटीला लागली, सिलिकॉनचा थर एका बाजूने सुटला आणि सकाळी पिंप रिकामे होते. दाब कमी असतो हे मान्य. पण तोटीला धक्के पाण्याचे बसत नाहीत, माणसांचे बसतात.

सूक्ष्मदर्शी: सिलिकॉनच्या बाबतीत आटेपाटे यांच्याशी सहमत आहे, परंतु ‘वॉशर नेहमी आतून’ हे विधान निखालस चूक आहे. मूळ लेखनातल्या तोटीचा नट आत येतो. वॉशर फक्त त्या नटाखाली ठेवला, तर द्रव नट आणि दांडा यांच्यामधल्या आट्यांतून झिरपतो, छिद्रात उतरतो आणि बाहेर ठिबकतो. अशा तोटीचा मुख्य वॉशर बाहेर, तिच्या अखंड खांद्याखाली हवा.

आटेपाटे: मी टँक कनेक्टरविषयी लिहीत होतो, हे शांतपणे वाचणाऱ्याच्या लक्षात आले असते. त्याची अखंड कॉलर आत असते, म्हणून वॉशरही आत.

सूक्ष्मदर्शी: आपण ‘नेहमी’ असे लिहिले आहे आणि मी नेमके तेवढेच वाचले. नियम आत-बाहेरचा नाहीच. जी कॉलर तोटीच्या अंगाशी एकसंध आहे तिच्याखाली वॉशर येतो, सुट्या नटाखाली येतो तो फार तर जोडीला. हे न सांगता ‘आतून’ लिहिले की लोक तसेच बसवतात, गळती दिसली की नट आणखी पिळतात, वॉशर चेंगरून बाहेर सरकतो, आणि दोष पिंपाला देतात.

आटेपाटे: ठीक आहे, आत नट असलेल्या तोटीपुरते आपले म्हणणे स्वीकारतो; ‘नेहमी’ या शब्दाचे श्राद्ध घालून झाले असेल तर पुढे जाऊ. बाकी नट हाताने घट्ट करून पान्ह्याने पाव फेरा पुरतो, आणि एचडीपीई दाबाखाली हळूहळू बसत असल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा, यावर तरी वाद नसावा.

चाखणारी: आत-बाहेर करताना पिंपात खाण्यापिण्याचे काही भरायचे आहे याचा सर्वांना विसर पडलेला दिसतो. सहज कातता यावे म्हणून पितळात शिसे घालत आले आहेत. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या तोट्यांसाठी ‘शिसेविरहित’ची मर्यादा पूर्वी 8 टक्के होती, ती 2014पासून 0.25 टक्क्यांवर आणावी लागली. सिरक्यासारखे आंबट द्रव पितळाशी दीर्घकाळ ठेवणे तर त्याहून वाईट. पिंपावरच्या त्रिकोणातला 2 हा आकडाही फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, ते अन्नासाठी योग्य असल्याची हमी देत नाही. आणि तोटीसोबत येणाऱ्या काळ्या रबरी वॉशरचा नुसता वास घेऊन पाहा. मला एका दुकानदाराने तोच ‘फूड ग्रेड’ म्हणून दिला होता आणि जाब विचारल्यावर तो हसला होता.

निवांत: मग स्टीलची बॉल व्हॉल्व्हची, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरवून उघडणारी, तोटी लावावी, प्रश्नच मिटला.

चाखणारी: मिटत नाही. बॉल आणि तोटीचे अंग यांच्यातल्या पोकळीत द्रव अडकून राहतो आणि तिथेच आंबतो. पूर्ण सुटी करून धुता येते अशीच तोटी घ्यावी, आणि धुण्यासाठी ती काढायची म्हटले की सिलिकॉनचा मुद्दा आपोआप निकालात निघतो.

कारागीर: धुण्याचा मुद्दा मान्य. केवळ पाणी भरणाऱ्यांनी माझी पद्धत वापरावी आणि ज्यांना दर महिन्याला तोटीचे शवविच्छेदन करायचे आहे त्यांनी खुशाल वॉशर विकत घ्यावेत.

सूक्ष्मदर्शी: केवळ पाण्यासाठीही शिसे शिसेच राहते. आणि वॉशर कोणताही लावा, झाकण थोडे सैल ठेवा. हवा आत गेली नाही तर धार अडते, आणि त्याचेही खापर तोटीवर फुटेल.